दहा मार्कांच्या गणितात न मावलेलं गाव



सिव्हिलच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पीएचडी करायचीय, पण विषय कसा शोधायचा?" यावर मी आजवर बरीच लांबलचक उत्तरं दिली आणि ऐकणाऱ्याचा चेहरा दर वेळी होता तसाच राहिला. म्हणून आज उत्तर देत नाही. त्याऐवजी एक गणित समोर ठेवते. ते तुम्ही सोडवलेलं आहे आणि त्याचे पूर्ण मार्कही बहुतेक घेतलेले आहेत. पुस्तकाचं परीक्षण लिहितात तसं आज या एका गणिताचं परीक्षण करू. त्याने काय शिकवलं, काय लपवलं आणि लपवलेल्यातून संशोधनाचा विषय कसा निघतो, हे बघू.

गणित कुठलं? पाणीपुरवठ्याच्या विषयात पहिल्याच युनिटला येतं ते. "एका शहराची गेल्या चार जनगणनांमधली लोकसंख्या दिली आहे. पुढच्या दशकाची लोकसंख्या अंकगणिती वाढ, भूमितीय वाढ आणि वाढीव वृद्धी या तीन पद्धतींनी काढा." तिसऱ्या वर्षाला हे आलं की वर्गात सगळे खूश होतात. बीमचं डिझाइन नाही, सॉइलचा गोंधळ नाही, कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत हातात पडणारे मार्क.

आधी गणित सोडवू

पुस्तकातलं शहर निनावी असतं. आपण खरं शहर घेऊ, पिंपरी-चिंचवड. जनगणनेचे आकडे सोयीसाठी गोळाबेरीज करून घेते: 1981 ला सुमारे 2.5 लाख, 1991 ला 5.2 लाख, 2001 ला 10.1 लाख आणि 2011 ला 17.3 लाख. आता 2021 चा अंदाज काढा.

अंकगणिती पद्धत म्हणते, दर दशकात माणसं साधारण सारख्याच संख्येने वाढतात. आपल्या तीन दशकांतली वाढ 2.7, 4.9 आणि 7.2 लाख. सरासरी 4.9. म्हणजे 2021 ला 22.2 लाख.

वाढीव वृद्धीची पद्धत म्हणते, वाढसुद्धा वाढते आहे, तेही धरा. वाढीतला फरक 2.2 आणि 2.3, सरासरी 2.25. उत्तर साधारण 24.5 लाख.

भूमितीय पद्धत म्हणते, टक्केवारी कायम राहते. टक्केवारी येते 108, 94 आणि 71. त्यांचा गुणोत्तर मध्य जवळपास 90. उत्तर 32.9 लाख.

परीक्षेत इथे खाली दुहेरी रेघ मारायची आणि पुढच्या प्रश्नाकडे जायचं. प्रोजेक्ट असेल तर एक पायरी जास्त: तिन्हींची सरासरी काढायची, 26.5 लाख, आणि तो आकडा पुढच्या प्रकरणात न्यायचा.

आपण मात्र रेघ मारायच्या आधी थांबू. सगळ्यांत कमी उत्तर 22.2 आणि सगळ्यांत जास्त 32.9. फरक 10.7 लाख माणसांचा. म्हणजे 2001 साली जेवढं अख्खं पिंपरी-चिंचवड होतं, त्याहून मोठं शहर आपल्या तीन उत्तरांच्या फटीत बसतं. परीक्षेत तिन्ही उत्तरांना मार्क मिळतात. कोणतं बरोबर, असं कुणी विचारत नाही.

बरं, पुस्तकाला दोष देऊ नका. गर्ग घ्या किंवा पुनमिया घ्या, कोणती पद्धत कशा शहराला लावावी हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सांगितलेलं असतं. जुन्या, स्थिरावलेल्या शहराला अंकगणिती, झपाट्याने वाढणाऱ्या तरुण शहराला भूमितीय. आपणच ते वाक्य सोडून सूत्र पाठ करतो, कारण प्रश्नपत्रिकेत सूत्र येतं. पण आपल्या डेटाकडेच जरा नीट बघा: 108, 94, 71. टक्केवारी दर दशकात घसरते आहे. मग ती कायम राहील असं धरणारी पद्धत इथे लावायचीच कशाला? हे सांगायला कुठला मोठा सिद्धांत लागत नाही, आकडे स्वतःच सांगताहेत. तरी वर्गातल्या साठ जणांपैकी कुणीही, अर्थात मीही, हा प्रश्न विचारला नव्हता.

माणसांचं पाणी करून बघू

पुढचं पाऊलही तुम्हाला पाठ आहे. लोकसंख्या गुणिले दरडोई दररोज 135 लिटर. 10.7 लाखांना 135 ने गुणलं की येतात सुमारे 14.4 कोटी लिटर, म्हणजे दिवसाला 144 एमएलडी.

हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून निघोजेला जाऊ. पिंपरी-चिंचवडच्या उत्तर सीमेवरून इंद्रायणी वाहते. अलीकडे तळवडे, चिखली ही महापालिकेतली गावं आणि पलीकडे खेड तालुका. पलीकडच्या काठाला चाकण औद्योगिक पट्ट्यातलं निघोजे. इथे नदीवर बंधारा आहे. मावळातल्या आंद्रा धरणातून सोडलेलं पाणी इंद्रायणीच्या पात्रातून इथवर येतं, या बंधाऱ्यातून महापालिका ते उचलते आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध करून शहराला देते. आंद्रा धरणातला शहराचा वाटा आहे 100 एमएलडी.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. एक धरण, नदीचं पात्र, बंधारा, जॅकवेल, पंप, जलशुद्धीकरण केंद्र, त्यासाठी झालेल्या मंजुऱ्या आणि गेलेली वर्षं, एवढं सगळं मिळून 100 एमएलडी. आणि तीन पद्धतींच्या उत्तरांतली फट 144 एमएलडी. आपण ज्या फरकावर दुहेरी रेघ मारली, तो एका अख्ख्या योजनेहून मोठा आहे.

महापालिका तिचं नियोजन असं तिसऱ्या वर्षाच्या गणितावर करते, असं मी म्हणत नाहीये. तिथली गणितं वेगळी असतात, त्यात वॉर्ड असतात, बांधकाम परवाने असतात, गळती असते. मुद्दा आपल्या शिकण्याचा आहे. नोव्हेंबर 2019 पासून या शहराला दिवसाआड पाणी मिळू लागलं. त्याच शहरात बसून आम्ही परीक्षेसाठी हे गणित सोडवत होतो. हॉस्टेलच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या, वहीत दरडोई 135 लिटर लिहिलं होतं आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

आकड्यांच्या पोटात काय आहे

परीक्षणात पुढचा प्रश्न असतो: जे दिलेलं आहे ते नक्की काय आहे? गणितात "दिलेलं" म्हणजे देवाने दिलेलं असतं. संशोधनात प्रत्येक आकडा कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी मोजलेला असतो.

1991 ते 2001 या दशकात पिंपरी-चिंचवड 4.9 लाखांनी वाढलं, असं आपण वर धरलं. पण मधेच, 1997 साली, महापालिकेची हद्द वाढली आणि 18 गावं तिच्यात आली. मोशी, चिखली, तळवडे ही त्यातलीच. त्या गावांतली माणसं कुठून आलेली नव्हती. पिढ्यानपिढ्या तिथेच होती. रात्रीतून त्यांच्यावरून रेघ गेली आणि ती शहराच्या "वाढी"त धरली गेली. आपण त्या वाढीची सरासरी काढून पुढच्या दशकात नेली. याचा अर्थ काय झाला? पुढच्या दशकातही हद्द अशीच वाढेल, असं आपण नकळत गृहीत धरलं. या गृहीतकावर आपल्यापैकी कुणी सही केली असती का?

दुसरी गोष्ट. 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढची होणार आहे ती 2027 ला. म्हणजे आपल्या 2021 च्या अंदाजाचा ताळा करायला खरा आकडाच नाही. सध्या बीई करणारी मुलं 2011 च्या आकड्यांवर 2041 आणि 2051 चे अंदाज काढताहेत. गाडीच्या मागच्या काचेतून बघत पुढे गाडी चालवायची, आणि ती काचही पंधरा वर्षांत कुणी पुसलेली नाही.

आमचा प्रोजेक्ट

इथवर मी शहाण्यासारखं बोलते आहे. आता माझी बाजू ऐका.

बीईला आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी निघोजेच घेतलं होतं. शीर्षक नेहमीचंच, गावासाठी पाणीपुरवठा योजनेचं डिझाइन. कारण अगदी साधं होतं. कॉलेजपासून जवळ आणि ग्रुपमधल्या एकाचे मामा तिथल्या कंपनीत कामाला. जनगणनेचे आकडे उतरवले, तीन पद्धती लावल्या, सरासरी काढली. ग्रामीण योजनेसाठी जल जीवन मिशनचा निकष दरडोई 55 लिटर, तो घेतला. छोट्या वस्तीचा पीक फॅक्टर 3 घेतला. टाकीची क्षमता आली, एपानेटवर पाइपांचं जाळं मांडलं, प्रेशर सगळीकडे हिरवं आलं. निळ्या कव्हरमध्ये हार्ड बाउंड रिपोर्ट.

मधे एकदा गावात गेलो होतो, "साइट व्हिजिट"चे फोटो हवेत म्हणून. एका खानावळीत जेवायला बसलो. चालवणाऱ्या मावशींना सहज विचारलं, "मावशी, गावची लोकसंख्या किती असेल हो?"

त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "गावची विचारताय का गावात राहणाऱ्यांची?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मावशींनीच समजावलं. गावचे वेगळे, खोल्यांवरचे वेगळे. त्यांच्या घरामागे त्यांनीच बांधलेल्या बावीस खोल्या होत्या. एकेका खोलीत चार, कधी पाच पोरं. कुणी लातूरचं, कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं. काही खोल्यांत तर एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच गाद्यांवर झोपायची. "पाणी म्हणाल तर पाळी सुटली की सगळी एकदमच नळावर. मग मोटर लावली तरी पुरत नाही. टँकर सांगावा लागतो."

बावीस खोल्या. चारने गुणलं तरी अठ्ठ्याऐंशी माणसं. एका घराच्या मागे. आणि अशा खोल्यांच्या रांगा आम्ही येताना दोन्ही बाजूंनी बघितल्या होत्या.

मी हे वहीत लिहून घेतलं. परतल्यावर चर्चा झाली. हे रिपोर्टमध्ये घातलं तर लोकसंख्येचं प्रकरण कोसळतं, टाकी बदलते, सगळे पाइप बदलतात आणि सबमिशनला तीन आठवडे उरलेत. शिवाय "एका खानावळीच्या बाईंनी सांगितलं" याला संदर्भ म्हणून काय लिहायचं? जनगणनेचाच आकडा ठेवा, त्याला कुणी बोट लावत नाही, असा सल्ला मिळाला आणि आम्हीही तो आनंदाने मानला. ते पान मी रिपोर्टमध्ये घेतलं नाही. व्हायवाला एक्स्टर्नलनी हेझन-विल्यम्सचा सी किती धरला ते विचारलं. बरोबर सांगितलं. चांगले मार्क मिळाले.

काही वर्षांनी पीएचडीच्या मुलाखतीत मी या प्रोजेक्टबद्दल उत्साहाने बोलत होते. पॅनेलवरच्या एका ज्येष्ठ बाईंनी मधेच विचारलं, "निघोजेत आज राहतात किती लोक?"

मी अंदाज सांगितला.

"अंदाज नाही विचारला. राहतात किती? आणि तुम्हाला हे कशावरून कळलं?"

मला वहीतलं ते पान आठवलं. कुणी न विचारताही मला तेव्हा उत्तराचा एक कोपरा सापडला होता आणि मी तो स्वतःच्या हाताने दाबला होता. त्या दिवशी मी "माहीत नाही, पण का माहीत नाही ते सांगू शकते" असं म्हणाले आणि खोल्यांची गोष्ट सांगितली. माझा पीएचडीचा विषय त्या उत्तरातून निघाला, रिपोर्टमधून नाही.

गणित कुठे चुकलं, नेमकं

चूक नेमकी कुठे होती ते आता शोधू, कारण "अभ्यासक्रम कालबाह्य आहे" असं नुसतं म्हणणं म्हणजे चहाच्या टपरीवरची टीका. तिथून संशोधन सुरू होत नाही.

पहिली गोष्ट काळाची. चाकण पट्ट्यात फोक्सवॅगनचा कारखाना 2009 साली सुरू झाला, महिंद्राचा त्यापाठोपाठ. दोन्हींच्या पत्त्यात निघोजेचं नाव आहे. जनगणनेचा शेवटचा आकडा 1 मार्च 2011 चा. म्हणजे गावाचं आयुष्य जिथे वळलं, तिथेच आमची आकड्यांची मालिका संपते. 1981 ते 2011 च्या रेषेला पुढे ओढून 2041 काढणं म्हणजे कारखाना आलाच नाही असं धरणं. तिन्ही पद्धती भूतकाळाची रेषा पुढे नेतात. एमआयडीसीची अधिसूचना कोणत्याच सूत्रात बसत नाही.

दुसरी गोष्ट व्याख्येची. जनगणनेत माणूस मोजतात तो त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी. पाइप मात्र असं काही विचारत नाही. आज नळाखाली बादली कोण धरतंय, एवढंच त्याला कळतं. सहा-सात महिन्यांनी कंत्राट संपलं की खोली बदलणारा मुलगा कुठल्या गावचा धरायचा, याचं उत्तर जनगणनेसाठी एक आणि पाण्यासाठी दुसरं असू शकतं. आम्ही एका कामासाठी मोजलेला आकडा दुसऱ्या कामाला लावला आणि मधला फरक लिहिलाच नाही.

तिसरी गोष्ट निकषाची. नदीच्या अलीकडे चिखलीत वहीत लिहायचे 135 लिटर, पलीकडे निघोजेत 55. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. 135 हा मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरासाठी केंद्राच्या नियमावलीत दिलेला, फ्लशचं पाणी त्यात धरलेलं आहे. 55 हा ग्रामीण घराला किमान एवढं तरी पोहोचावं म्हणून ठरवलेला. दोन्हींमागे तर्क आहे. पण निघोजेतल्या खोलीत राहणारा कामगार शहरी की ग्रामीण? तो राहतो तीन-चार मजली इमारतीत, संडासाला फ्लश आहे, काम करतो कारखान्यात. कागदावर मात्र तो खेड्यात आहे. बंधारा त्याच्या गावच्या नावाचा, तिथून उचललेलं पाणी नदीपलीकडे जातं, आणि तो मावशींच्या टँकरची वाट बघतो.

चौथी गोष्ट वेळेची. छोट्या वस्तीला पीक फॅक्टर 3 घ्या, हे आम्ही डोळे झाकून घेतलं. त्यामागे कल्पना अशी की गाव सकाळी एकदम उठतं, एकदम पाणी भरतं आणि मग दिवसभर शांत असतं. पाळ्यांचं गाव तसं वागत नाही. तिथे पाळी सुटेल त्या वेळी मागणी उसळते, दिवसातून दोन-तीनदा. मावशींना हे तोंडपाठ होतं. आमच्या एपानेटला माहीत नव्हतं, कारण आम्ही सांगितलंच नव्हतं.

गणिताची बाजू

टीका करणाऱ्याने समोरच्याची बाजूही मांडायला हवी, म्हणून सांगते. ही पद्धत मूर्खांनी काढलेली नाही. हाताने आकडेमोड करण्याच्या काळात, दहा वर्षांतून एकदा मिळणाऱ्या माहितीवर, कुठल्याही गावात कुठल्याही अभियंत्याला वापरता येईल आणि वरिष्ठाला तपासता येईल अशी ती रीत आहे. हा तिचा मोठा गुण. अभियंत्याला शेवटी एक आकडा लागतोच. "22 ते 33 लाखांच्या मधे कुठेतरी" एवढं सांगून पाइपाचा व्यास ठरत नाही. आणि शिकताना सुरुवात सोप्या उदाहरणाने करण्यात गैर काहीच नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. चार वर्षांत हे उदाहरण कधीच अवघड होत नाही. तिसऱ्या वर्षाला जे गणित निनावी शहराचं असतं, ते चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये खऱ्या गावाचं नाव लावूनही निनावीच राहतं. निघोजेच्या जागी दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव टाकलं असतं, तरी आमच्या रिपोर्टमधलं एक वाक्यही बदलावं लागलं नसतं. रिपोर्ट चांगला की वाईट हे ओळखायची मी आता हीच कसोटी लावते.

आणि सरासरीबद्दल दोन शब्द. तीन पद्धती तीन वेगळी जगं गृहीत धरतात. एकीत वाढ स्थिर, एकीत ती वाढत जाणारी, एकीत टक्केवारी कायम. त्यांची सरासरी काढून आपल्याला चौथं, जास्त खरं जग मिळत नाही. मिळतो फक्त कुणी भांडणार नाही असा आकडा. प्रयोगशाळेत तीन क्यूब फोडून सरासरी काढतो, कारण ते एकाच मिश्रणाचे असतात. एक एम-20 चा, एक एम-40 चा आणि एक विटेचा तुकडा घेऊन सरासरी काढली, तर लॅब असिस्टंटसुद्धा हसेल.

जे प्रकरणातच नाही

एक गोष्ट मात्र या गणिताच्या कडेवरही नाही, आणि तिच्यावर माणसांचे जीव गेलेले आहेत. मागणी काढून झाली की पुस्तक "स्रोताची निवड" या प्रकरणाकडे वळतं. तिथे धरणाची क्षमता असते, पाण्याची प्रत असते, अंतर असतं. पाणी ज्यांच्या गावातून जायचं, ती माणसं नसतात.

पवना धरणातून थेट बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला पाणी आणायचं, अशी योजना होती. तांत्रिकदृष्ट्या तिच्यामागचा विचार आपल्याला लगेच पटेल: उघड्या नदीतून येणारं पाणी वाटेत मुरतं, घाण होतं, बंद पाइपातून स्वच्छ येईल. मावळातल्या शेतकऱ्यांना मात्र दिसत होती आपली जमीन, आणि काठच्या शेतीचं पाणी. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर इथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मेले.

त्याच वर्षीच्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड 17.3 लाखांवर पोहोचलेलं. आपल्या गणितातला शेवटचा आकडा तोच. त्याच्यापुढे जे अधिक 4.9 किंवा गुणिले 1.9 आपण करतो, ते पाणी कुणाच्या तरी हद्दीतून यायचं असतं. मागणीचा आकडा नुसता वहीत असतो तोवर निरुपद्रवी असतो. तो फुगवला तर कुणाच्या तरी शेतातून नको असलेला पाइप जातो आणि दाबला तर कुणाच्या तरी खोलीत टँकर येतो. म्हणून अंदाज किती खात्रीचा आहे, हे सांगणं अभियंत्याच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे.

मग विषय कुठे आहे?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वरच्या परीक्षणातून किती विषय बाहेर पडले, मोजा.

जनगणना नसलेल्या वर्षांत औद्योगिक गावातली खरी वस्ती कशी मोजायची? ग्रामपंचायतीची घरपट्टी, वीजजोडण्या, उपग्रहचित्रांतली छपरं, खोल्यांचं छोटं सर्वेक्षण यांपैकी कशावर किती भरवसा ठेवता येईल? हा झाला एक विषय. पाळ्यांच्या वस्तीत चोवीस तासांत पाण्याची मागणी कशी बदलते? एका टाकीला मीटर लावून आठवडाभर दर तासाला नोंद घेतली, तरी सुरुवात होते. हा दुसरा. एका आकड्याऐवजी पल्ला देणारा अंदाज धरला, तर जाळ्याचं डिझाइन टप्प्याटप्प्याने कसं करायचं, म्हणजे आज काय बांधायचं आणि कशासाठी फक्त जागा राखून ठेवायची? हा तिसरा. वापरलेल्या पाण्याचं 80 टक्के सांडपाणी होतं, असं आपण पुढच्या सेमिस्टरला शिकतो. जिथे मलवाहिनीच नाही तिथे ते 80 टक्के जातं कुठे, आणि खाली त्याच नदीवर पाणी उचलणाऱ्याला त्याचं काय होतं? हा चौथा, आणि कदाचित सगळ्यांत महत्त्वाचा.

यातला एकही विषय मला सुचलेला नाही. सगळे एका गणिताच्या फटींत पडलेले होते, आणि निम्मे तर मावशींनी पोळ्या लाटता लाटता सांगितले होते.

तुमच्यासाठी या वेळचं काम छोटं आहे. तुमच्या अभ्यासक्रमातला एक आकडा घ्या, जो तुम्ही कारण न विचारता वापरता. 135 चालेल, 80 टक्के चालेल, पीक फॅक्टर 3 चालेल, पाइपलाइनसाठी धरतो ती 30 वर्षांची मुदतही चालेल. तो पुस्तकात कुठून आला ते शोधा. पुस्तक नियमावलीकडे बोट दाखवेल, नियमावली कदाचित आणखी जुन्या नियमावलीकडे. जिथे माग संपतो तिथे तारीख लिहा. मग तो आकडा ज्या गावाला लावायचा आहे, तिथे एक दिवस जा. फोटो काढू नका. जेवायला बसा आणि विचारा.

जे ऐकाल ते वहीत लिहा. आणि रिपोर्टच्या आकड्याशी जुळलं नाही, तर ते पान बाहेर ठेवू नका. मी ठेवलं होतं. रिपोर्टची माझी प्रत कुठे गेली ते आता आठवतही नाही, पण ती वही अजून माझ्या टेबलावर आहे.